तांब्याच्या स्वाराचं तोंड

या, जरा अलीकडे सरून बसा. शेगडीजवळ जागा आहे, चहाही गरम आहे, आणि लाजेविषयी बोलायचं तर माणसं जवळ बसलेली बरी. लांबच्याला ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगितलं की लाजेची चेष्टा होते. आमच्याकडे एक म्हातारे मोल्दो, म्हणजे मौलवी, होते, शुक्रवारी प्रवचन सांगता सांगता मधेच गायला लागायचे. ते गायचे की देवानं घोड्याला खूर दिले, गरुडाला पंख दिले, माणूस तेवढा उघडा राहिला होता, मग देवानं त्याच्या अंगावर लाज पांघरली. ऐकताना बायका डोळे पुसायच्या आणि बाप्ये उगाच खाकरायचे. आज त्या पांघरुणाची गोष्ट सांगायची आहे. ऐका.

कारा-तेरेक गावाच्या वरच्या अंगाला कोक-बोरूचं स्टेडियम आहे. दोन्ही बाजूंना पायऱ्या, मधे मैदान, मैदानाच्या दोन टोकांना मातीची दोन कुंडं. बोकडाचं धड घोड्यावरून वाकून जमिनीवरून उचलायचं, मांडीखाली दाबायचं आणि समोरच्यांच्या घोड्यांतून वाट काढत कुंडात नेऊन टाकायचं. आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी घोड्यावर बसतं, त्यामुळे हा खेळ कुणी कुणाला शिकवत नाही. पण इमानालीसारखा खेळणारा त्या खोऱ्यानं दुसरा पाहिला नव्हता. तो घोड्याच्या पोटाखाली जवळजवळ नाहीसा व्हायचा आणि वर यायचा तेव्हा त्याच्या हातात धड असायचं. मग सगळं स्टेडियम एका घशानं ओरडायचं.

एका हिवाळ्यात खिंडीत शेजाऱ्याच्या मेंढ्या अडकल्या. इमानाली त्या काढायला गेला, वरून बर्फ सुटलं आणि मेंढ्यांआधी तोच गेला. गाव वर्षभर सुन्न होतं. वर्ष भरल्याचं जेवण झाल्यावर वडीलधारे सातिबाल्दी आक्साकाल म्हणाले, "दगडावर नाव कोरून काय होतंय? ज्या दारातून तो मैदानात यायचा त्या दारावरच त्याला बसवू. घोड्यासकट." सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले, म्हणजे ठरलं.

काम गेलं ओमुरझाककडे. जाणार कुठे? इमानालीच्याच गल्लीतला तो. राजधानीत जाऊन शिल्पकला शिकला, तरुणपणी त्यानं पुढाऱ्यांचे अर्धपुतळे केले. मग पुढारी गेले, पुतळे उतरले, आणि ओमुरझाक गावी येऊन कबरींच्या दगडांवर मेलेल्यांची तोंडं कोरायला लागला. त्यात त्याचा हात असा की विधवा बायका दगडापाशी बसून नवऱ्याशी भांडायच्या. लहानपणी तो आणि इमानाली एकाच घोडीवर बसून शाळेत जायचे. पुढे बसायचा इमानाली. मागे बसणाऱ्याला दिसते ती पुढच्याची मान. ओमुरझाकनं ती मान फार वर्षं बघितली होती.

गावाबाहेर ट्रॅक्टरांची जुनी शेड होती, तिथे काम सुरू झालं. लोखंडी सांगाडा, त्यावर ठोकून ठोकून आकार दिलेले तांब्याचे पत्रे. घोडा मागच्या पायांवर बसका झालेला, स्वार एका कुशीवर इतका कललेला की हात जमिनीला लागावा, आणि मान वळवून त्यानं तोंड पायऱ्यांकडे केलेलं. सगळं मिळून तीन मजली उंच. सांध्यांचं काम ताबिल्दी वेल्डर करायचा. हात चालले नाहीत तरी त्याचं तोंड मात्र चालायचं.

मोल्दोके एकदा शेडमध्ये डोकावून गेले. प्राण्याची, माणसाची आकृती करू नये या मताचे ते. पण ओमुरझाकच्या बापाबरोबर जेवलेले, म्हणून रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरा, ते तोंड घडवणारा वर आहे. तू पत्रा ठोकतोयस. पत्राच ठोकतोयस हे विसरू नकोस म्हणजे झालं."

"नाही विसरत, मोल्दोके," ओमुरझाक म्हणाला.

घोडा झाला, खोगीर झालं, गुडघा झाला. तोंडापाशी गाडी अडली. फोटो ढीगभर होते. पण खेळतानाच्या प्रत्येक फोटोत इमानालीचं तोंड आयाळीत तरी खुपसलेलं, नाहीतर धुळीत गेलेलं. बाकी उरला वाहन परवान्यावरचा फोटो. त्यात तो डॉक्टरच्या सुईकडे बघावं तसा बघत होता. तेव्हा ओमुरझाकनं भिंतीला एक आरसा टेकवला, ओल्या वाळूचं पोतं जमिनीवर टाकलं, आणि एका कुशीवर वाकून ते पोतं उचलत, आरशात बघत, मातीत ताण उतरवायला लागला. मानेची शीर कुठे फुगते, गाल कुठे ओढला जातो, एवढंच बघायचं होतं. पण बोटांना कोण सांगणार एवढंच म्हणून? शीर आली, तिच्यामागून गाल आला, गालामागून भुवई आली.

ताबिल्दी एकदा चहा घेऊन आला तो मातीच्या डोक्यासमोर थबकला. एकदा डोक्याकडे बघितलं, एकदा ओमुरझाककडे. थोरल्या भावाला म्हणतात तसं त्याला तो बाइके म्हणायचा.

"बाइके, या घोड्यावर तुम्ही कधी बसलात?"

"काय बोलतोस?"

"नाही, म्हटलं, आम्हाला बोलावलं नाहीत बघायला. तुम्ही तर गाढवावरनंसुद्धा पडता."

"ताणलेलं तोंड सगळ्यांचं सारखंच दिसतं," ओमुरझाक म्हणाला. "तू सांध्याकडे बघ."

"सांधा बरोबर आहे," ताबिल्दी म्हणाला, आणि चहा ठेवून गेला.

दोन दिवसांनी बायको डबा घेऊन आली. कालिपा. तिनं डबा खाली ठेवला नाही, तसाच हातात धरून उभी राहिली.

"अहो, ही भुवई तर मी रोज उशीवर बघते."

"उजेड तसा पडलाय."

"उजेडाला कशाला मधे घालता? बुरुलकान आपाला काय सांगणार आहात, उजेड पडला म्हणून?"

बुरुलकान आपा म्हणजे इमानालीची आई. तिचं नाव निघताच ओमुरझाकनं माती झाकली आणि चिडून म्हणाला की तुला यातलं काय कळतं. कालिपा म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही. मला तुम्ही कळता." आणि डबा ठेवून निघून गेली.

आता खरं दुखणं ऐका. माती ओली होती. मनात आणलं असतं तर एका दिवसात ते तोंड मोडून दुसरं करता आलं असतं. ओमुरझाकलाही ते माहीत होतं. त्यानं झाकण काढलं, बोट भुवईवर ठेवलं, दाबणार तेवढ्यात थांबला. तिथे, त्या प्रचंड घोड्यावर, वाऱ्यात केस उडवत, अख्ख्या खोऱ्याकडे बघत तो स्वतः होता. लहानपणापासून टाळ्या दुसऱ्याला पडल्या होत्या आणि याचेही हात त्या टाळ्यांत होते. त्याला वाटलं, नाव इमानालीचंच राहणार आहे, आई त्याचीच राहणार आहे. भुवईनं कुणाचं काय बिघडतंय? बोट त्यानं काढून घेतलं. माती वाळली, साचा झाला, तांबं ठोकलं गेलं, क्रेननं डोकं वर चढलं. लगेच त्यावर पांढरं कापड बांधलं, कारण उघडण्याच्या दिवसाआधी कुणी तोंड बघायचं नाही.

आमच्यात कुठलंही नवं तोंड रिकाम्या हातानं बघत नाहीत. नवी सून असो, बाळ असो, नुकतं घरी आणलेलं घोडं असो, आधी हातात काहीतरी ठेवायचं, मग बघायचं. त्याला कोरुमदुक म्हणतात. ते नाकारता येत नाही. नाकारलं तर तुझी नजर आम्हाला नको असा अर्थ होतो, आणि असं एकदा झालं की घरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे जात नाहीत.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी बुरुलकान आपा ओमुरझाकच्या अंगणात आली. काठी एका हातात, दुसऱ्या हातात दोर, आणि दोराला शिंगरू. तांबूस, कपाळावर चांदवा, पाय नुसते काठ्यांसारखे. इमानालीच्या घोडीचं शेवटचं शिंगरू होतं ते. ती घोडीही गेली होती त्याच्यामागून.

"ओमूर, आहेस का रे घरात? की वरच जाऊन बसलायस?"

तो धावत बाहेर आला. "आपा, मला बोलवायचं. चालत कशाला आलात?"

"चालत मी कुठे आले? हा मला घेऊन आला. वाटेत दोनदा मला गटारात घालत होता." ती हसली. मग दोर पुढे केला. "धर."

"हे काय, आपा?"

"उद्या तोंड बघायचंय ना मला. उद्या गर्दीत कुठे देऊ? आजच धर."

"आपा, शिंगरू नको. एवढं मोठं नको. ओढणी द्या, साखर द्या. त्याच्या घोडीचं शेवटचं आहे हे."

"म्हणून तर. मुलाचं तोंड बघायला साखर घेऊन येऊ? धर म्हणते ना. हात दुखतो माझा."

कालिपा दारात उभी होती. ओमुरझाकनं तिच्याकडे बघितलं नाही. सांगायची वेळ तीच होती. आपा, बसा, एक चूक झाली आहे, एवढं बोलला असता तर निम्म्यावर भागलं असतं. पण तेवढ्यात म्हातारीनं मान वर केली, आणि त्याला दिसलं की तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, बुबुळं दुधात पडल्यासारखी झालीत.

"डोळे, आपा?"

"डोळ्यांचं काय. शरदात कापून घेईन म्हणते. माणसं आडवीउभी कळतात, तेवढं पुरे आहे."

आणि मंडळी, त्या वेळी ओमुरझाकच्या छातीतून जो सुस्कारा निघाला तो सुटकेचा होता. हिला दिसत नाही. एका आईच्या आंधळेपणानं त्याला बरं वाटलं. पुढे फार दिवसांनी तो म्हणायचा की तोंड चोरलं ती लबाडी होती, पण त्या सुस्काऱ्याला त्याला कधी नाव सापडलं नाही. त्यानं हात पुढे केला आणि दोर धरला.

दुसऱ्या दिवशी पायऱ्या तुडुंब भरल्या. लांबच्या खोऱ्यांतून संघ आले होते, घोड्यांच्या घामाचा आणि तळणीचा वास एकत्र पसरला होता. सातिबाल्दी आक्साकालनं पुढच्या ओळीत मानाच्या दोन जागा ठेवल्या होत्या, एक बुरुलकान आपाला आणि तिच्या शेजारची ओमुरझाकला. दुवा झाली. मग दोन स्वारांनी दोन बाजूंनी दोर ओढले आणि ते पांढरं कापड सरसरत खाली आलं.

आधी सगळीकडे आनंदाचा एक हुंकार उठला, कारण घोडा खरोखर घोडा होता. मग नजरा घोड्यावरून स्वाराच्या हातावर, हातावरून तोंडावर गेल्या, आणि हुंकार मधेच तुटला. पायऱ्यांवर कुजबूज सुरू झाली. आधी कुणी म्हणालं, सूर्य डोळ्यावर आहे. मग मागून एक जण मोठ्यांदा हसला. मग आणखी काही जण हसले. कडेला ताबिल्दी उभा होता. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"ओमूर," म्हातारी म्हणाली, "निघालं का रे कापड?"

"निघालं, आपा."

"मला नुसता डोंगर दिसतोय काळा. तू सांग. कपाळ कसंय त्याचं?"

सातिबाल्दी आक्साकालनं दाढी मुठीत धरली.

"रुंद," ओमुरझाक म्हणाला. "घामानं केस चिकटलेत. डावीकडे तो व्रण आहे, आपा, विहिरीच्या दांडीचा."

"तो केलायस होय तू." ती खूश झाली. "आणि डोळे?"

"डावा जरा जास्त मिटलेला. धूळ उडाली की तो डावाच मिटायचा."

"हो, हो. आणि ओठ?"

"खालचा ओठ आत ओढलाय. धड हाताला लागेपर्यंत सोडत नाही. लागलं की मग हसतो, आधी उजव्या बाजूनं."

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू यायला लागलं. व्रण, डोळा, ओठ, सगळं त्याच्याच तोंडून निघत होतं, एकाही फोटोवाचून. ते तोंड त्याला तळहातासारखं माहीत होतं. आरशाची गरज त्याला कधीच नव्हती.

म्हातारी थोडा वेळ हसऱ्या तोंडानं वर बघत बसली. मग तिनं मान वळवली.

"मग लोक का हसले रे?"

ओमुरझाकनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ओमूर, मला दिसत नाही. पण ऐकू येतं मला."

"आपा," तो म्हणाला, आणि पुढचं इतक्या हळू म्हणाला की शेजारच्यांनाही वाकावं लागलं. "वर माझं तोंड आहे."

"कुणाचं?"

"माझं. मी माझं तोंड केलं. आधी चुकून झालं. मग कळलं, तरी ठेवलं."

वाळल्या गवताला काडी लावल्यासारखी ती गोष्ट पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेली आणि दारापाशी थांबलेल्या स्वारांपर्यंत पोचली. ते इमानालीच्या संघातले. त्याच्याबरोबर वाढलेले, त्याला खिंडीतून खांद्यावर आणलेले. दोघांनी घोडे तसेच कठड्यावरून घातले, चाबूक वर उचललेले, आणि बायका किंचाळत बाजूला झाल्या. ओमुरझाक जागचा हलला नाही. त्यानं डोळे मिटून घेतले. खरं सांगायचं तर चाबूक पडला तर बरं, असंच त्याला झालं होतं. पाठीवरचा वळ निदान दाखवता येतो.

चाबूक पडला नाही. डोळे उघडले तेव्हा घोडे पुढच्या पायांवर अडून थरथरत होते, आणि त्यांच्या खुरांपुढे धुळीत एक पांढरी ओढणी पडली होती.

बुरुलकान आपानं आपल्या डोक्यावरची ओढणी सोडून त्यांच्या मधे टाकली होती. आईची पांढरी ओढणी मधे पडली की कुठलाही माणूस, हातात तलवार असली तरी, पुढे पाऊल टाकत नाही. स्वारांनी लगाम मागे खेचले आणि मान खाली घातली. पण आता ती म्हातारी हजारो माणसांपुढे उघड्या डोक्यानं बसली होती. विरळ पांढरे केस, दोन बारीक वेण्या, कानामागची पोरासारखी कोवळी कातडी. तिच्या नवऱ्याखेरीज कुणा पुरुषानं ते डोकं कधी पाहिलं नव्हतं. मग पायऱ्यांवरच्या बाप्यांनी एकामागून एक माना फिरवल्या, टोप्या पुढे ओढल्या, जमिनीकडे बघितलं. एक तोंड बघायला जमलेलं अख्खं स्टेडियम स्वतःच्या पायांकडे बघत बसलं.

"उचल," सातिबाल्दी आक्साकाल म्हणाले. तेही दुसरीकडे बघत होते. "तुझ्यासाठी पडलीय."

ओमुरझाक घोड्यांच्या खुरांपाशी गुडघ्यांवर बसला, ओढणी उचलली आणि धूळ झटकली. म्हातारीला ती दिसत नव्हती, म्हणून तिचे हात शोधून त्यात ठेवावी लागली.

"मला बांधायला वेळ लागतो," ती म्हणाली. "तोवर आडोशाला उभा राहा."

तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, आपल्या चुकीनं उघड्या पडलेल्या डोक्याचा आडोसा होऊन. समोर, वर, त्याचंच तांब्याचं तोंड त्याच्याकडे टक लावून बघत होतं. तो सांगायचा की ओढणी बांधायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तो म्हातारा झाला.

त्या आठवड्यात क्रेन परत आली. ताबिल्दी म्हणाला, "बाइके, मी कापतो. स्वतःचं तोंड स्वतः कापू नये माणसानं."

"मशीन दे इकडे."

"देतो. पण हात सांभाळा. आधीच तुमचं एक कमी होतंय."

ओमुरझाकनं स्वतः कापलं. भोकातून आतल्या लोखंडाच्या फासळ्या दिसायला लागल्या. चिमण्यांनी तिथे घर केलं. तो सबंध मोसम स्वार तोंडाशिवाय राहिला आणि बाहेरगावचे संघ यायचे तेव्हा विचारायचे, "काय हो, तुमचा स्वार तोंड घरी विसरला वाटतं?" त्यावर आमचेच लोक बोट दाखवायचे. "त्या ओमूरला विचारा. त्याच्याकडे दोन आहेत." ओमुरझाक ते ऐकायचा आणि बसून राहायचा. घरी बसला असता तर कुणी बोलावणं धाडलं नसतं. तरी तो जायचा.

शिंगरू परत द्यायला तो उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी गेला होता. बुरुलकान आपानं दाराशी काठी आडवी धरली.

"परत घेतलं तर मला बघायचं नाही असं होईल. मला बघायचंय. कोरुमदुक घेतलंयस ना? मग तोंड दाखव."

"आपा, आता हे काम दुसऱ्या कुणाला द्या. मला तोंड नाही."

"एक होतं ते तू कापायला निघालायस, हे ऐकलंय मी. दुसऱ्याला दिलं तर त्याला तो व्रण कोण सांगणार? माती घेऊन ये."

मग तो माती घेऊन जायला लागला. ओट्यावर बैठक, मधे फळीवर मातीचं डोकं, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला हा. खेळ संपून इमानाली घरी आला की ती त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायची, मोठा झाला तरी. त्यामुळे तिच्या बोटांना ते पाठ होतं. ओमुरझाक करायचा, ती चाचपायची.

"नाक उतरव. एवढं शहाणं नव्हतं त्याचं नाक."

"असं?"

"हं. आता हनुवटी. नाही, नाही. परत तुझीच करतोयस."

"मी मुद्दाम नाही करत, आपा."

"ठाऊक आहे. हात लबाड आहेत तुझे. काढ ते." आणि ती त्याच्या हातावर चापट मारायची, जोरात, शाळेतल्या पोराला मारावी तशी. तो पन्नाशीचा माणूस, नातवंडं असलेला, मान खाली घालून हनुवटी मोडायचा. कुंपणापलीकडे तिची शेजारीण कुरुत, म्हणजे दह्याचे गोळे, वाळत घालताना हसायची. त्याला वाटायचं, हिनं एकदा रडावं, एकदा शिव्या द्याव्यात. ते काही ती देत नव्हती. चहा द्यायची, पाव द्यायची, आणि म्हणायची, उद्या ये.

एका दुपारी त्यानं न राहवून विचारलं, "आपा, तुम्ही त्या दिवशी मला वाचवलंत कशाला?"

तिची बोटं मातीच्या कपाळावर होती. "तुला? मी त्या पोरांना वाचवलं. त्यांनी तुला मारलं असतं तर इमानालीच्या नावानं मारलं असतं. त्याच्या नावाला रक्त लागलं असतं." मग कपाळावरची माती सारखी करत म्हणाली, "आणि जरासं तुलाही."

तांब्याचं तोंड शरदात तयार झालं. वर चढवण्याआधी ओमुरझाकनं ते गाडीतून तिच्या अंगणात आणलं आणि लोकरीच्या नमद्यावर ठेवलं. ते तिच्या उंचीएवढं होतं. तिनं डोळे अजून कापून घेतले नव्हते. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळव्यांनी बघायला लागली, कपाळ, व्रण, मिटलेला डावा डोळा, आत ओढलेला ओठ. ऊन होतं, तरी ती म्हणाली, "गार आहे." ओमुरझाक बाजूला उभा होता. मोल्दोकेही आले होते, फाटकाबाहेरूनच बघत होते.

फार वेळानं ती म्हणाली, "आला." आणि मग, तोंड न वळवता, "ओमूर, तू आता घरी जा बाळा. मला याच्याशी बोलायचंय."

तो गेला. ती काय बोलली ते त्याला कधी कळलं नाही, आणि ते कळायचा आपल्याला हक्क नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं. संध्याकाळी ताबिल्दी आणि त्यानं तोंड वर चढवलं. कापड नाही, दुवा नाही, माणसं नाहीत. इमानाली दारावर बसला आणि चिमण्या दुसरीकडे गेल्या.

त्यानंतर खोऱ्यात कुणी ओमुरझाकला काही बोललं नाही. उलट लोक म्हणायचे, काय हुबेहूब केलंय, आता ओठ सोडेल आणि हसेल. खेळाच्या दिवशी सगळे त्या दाराकडे बघून टाळ्या वाजवायचे. ओमुरझाक मात्र वर बघत नसे. तो पुढच्या ओळीतल्या त्या दोन जागांकडेही बघत नसे. कालिपा म्हणायची, अहो, झालं गेलं, देव माफ करतो. तो म्हणायचा, देव करतो ग. मला अजून त्या वेण्या दिसतात.

बुरुलकान आपा त्याच हिवाळ्यात गेली. डोळे कापून घ्यायचं राहूनच गेलं. इमानालीची आठवण काढायला आता तीन मजली तांबं आहे, त्याला कुणी विसरणार नाही. हिचा दगड लहान आहे आणि गवतात आहे. तेव्हा तुमच्या नमाजानंतर, किंवा तुम्ही ज्या देवापुढे दिवा लावता त्याच्यापुढे, एकदा तिचं नाव घ्या. बुरुलकान, तोक्तोबायची लेक. एवढं म्हटलंत तरी तिला पोचेल.